मैदानी घड्याळाची पारख



घड्याळाकडून मनुष्य पूर्वीं एकच गोष्ट मागत असे, आणि ती म्हणजे वेळ. आपल्या आजोबांच्या मनगटावर जें घड्याळ असे तें बहुधा बंगलोरच्या एच्. एम्. टी. कारखान्याचें असे. १९६१ मध्यें जपानांतील सिटिझन कंपनीच्या साहाय्यानें त्या कारखान्यानें घड्याळें करण्यास आरंभ केला, आणि पुढें कित्येक वर्षें लग्नांत जांवयाला, नोकरी लागल्यावर मुलाला व सेवानिवृत्तीच्या दिवशीं गुरुजींना तेंच घड्याळ मिळत गेलें. रोज सकाळीं चावी द्यावयाची व आकाशवाणीच्या ठोक्यांवर काटे लावून घ्यावयाचे, एवढाच त्याचा व्यवहार. २०१६ मध्यें त्या कंपनीचा घड्याळांचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय सरकारनें घेतला.

आतां पहांटे वैरागच्या मैदानावर किंवा बार्शीच्या रस्त्याकडेनें धांवणाऱ्या तरुणांचीं मनगटें पाहा. पोलीस-भरतीसाठीं मुलांना १,६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धांवण्याची परीक्षा द्यावी लागते; सैन्यभरतीचाहि असाच सराव चालतो. त्यासाठीं जें जाड, काळें, अनेक कळांचें घड्याळ घेतलें जातें तें वेळ तर सांगतेंच, परंतु धांवलेलें अंतर, नाडीचे ठोके, दिशा, समुद्रसपाटीपासूनची उंची, हवेचा दाब, पावलें आणि झोप इतक्या गोष्टींची बित्तंबातमी देण्याचा दावाहि करतें. सह्याद्रींतील गडांवर जाणारे विद्यार्थी तसेंच घड्याळ मागतात. किंमत दीड-दोन हजार रुपयांपासून पन्नास हजारांच्याहि पुढें जाते. मग पालक विचारतात, "सर, यांतलें भरंवशाचें कोणतें?" हा प्रश्न लहान नाहीं. तुरीच्या एक-दोन कट्ट्यांची पट्टी त्यांत जाते, आणि त्याहून महत्त्वाचें असें कीं मुलगा त्या आंकड्यांवर आपलें भवितव्य बेततो. घड्याळानें पंधराशें मीटरांस सोळाशें म्हटलें, तर तो महिनोन्महिने समाधानांत राहतो व भरतीच्या मैदानावर शेवटच्या शंभर मीटरांत त्याचा घात होतो.

माझें उत्तर थोडक्यांत असें आहे. घड्याळ किती गोष्टी सांगतें हें मोजूं नका. तें जें सांगतें तें वस्तुतः कशाचें मोजमाप आहे, आणि तें खरें कीं खोटें हें तुम्हांला कशाशीं ताडून पाहतां येईल, हें विचारा. या एका डबीत चार-पांच निरनिराळीं यंत्रें एकत्र कोंबलेलीं असतात. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आणि प्रत्येकाची खोडहि वेगळी.

वेळेविषयीं फारसें सांगावयास नको. गारगोटीच्या जातीच्या एका स्फटिकाचा चिमुकला चिमटा सेकंदास ३२,७६८ वेळां कांपतो, व तीं कंपनें मोजून घड्याळ चालतें. साधारण क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला पंधरा-वीस सेकंद पुढेंमागें होतें, आणि फार उष्णतेंत वा फार थंडींत किंचित् मंद पडतें. शंभर रुपयांचें घड्याळहि आज या बाबतींत आजोबांच्या घड्याळाला हरवील. म्हणून वेळेसाठीं अधिक दाम मोजण्याचें कारण नाहीं.

दणकटपणाची गोष्ट मात्र निराळी. जपानांतील कासियो कंपनींत किकुओ इबे नांवाचे एक अभियंते होते. वडिलांनीं दिलेलें घड्याळ हातांतून पडून फुटलें, तेव्हां न फुटणारें घड्याळ करावयाचें असें त्यांनीं मनाशीं घेतलें. ते नमुना तयार करीत व तिसऱ्या मजल्यावरील शौचालयाच्या खिडकींतून खालीं टाकीत. असे सुमारें दोनशें नमुने झाले. बाहेरचा भाग टिके, पण आंतील एखादा तरी अवयव निकामी होई. शेवटीं एक मुलगी चेंडू आपटीत असतांना त्यांना दिसली, आणि चेंडूच्या मध्यभागीं तरंगत्या वस्तूला धक्का पोंचणार नाहीं हें त्यांच्या ध्यानांत आलें. यंत्र कवचांत घट्ट न बसवितां कांहीं थोड्या टेकूंवर तरंगत ठेवलेलें तें घड्याळ १९८३ मध्यें बाजारांत आलें, तेंच जी-शॉक. मला या कथेंत आवडतें तें खिडकींतून टाकणें. ज्यानें वस्तु केली त्यानेंच ती आधीं दोनशें वेळां फोडून पाहिली.

पाण्याच्या बाबतींत खरेदीदार हमखास फसतो. तबकडीवर '३० मीटर' लिहिलेलें असलें कीं तें घेऊन तीस मीटर खोल विहिरींत बुडी मारतां येईल असें त्याला वाटतें. तो आंकडा प्रयोगशाळेंतील स्थिर दाबाचा आहे. दर दहा मीटर पाण्याला सुमारें एक वातावरणाचा दाब, या हिशेबाचा. पोहतांना हात पाण्यावर आपटतो, कळ दाबली जाते, उन्हानें तापलेलें घड्याळ एकाएकी गार पाण्यांत जातें, आणि रबराचें कडें वर्षांनुवर्षें जुनें होत जातें. म्हणून ३० मीटर म्हणजे हात धुणें व पावसाची सर. विहिरींत पोहणाऱ्यानें निदान ५० व शक्य तर १०० मीटरांचें घ्यावें. आणि पाण्याखालीं असतां कळ दाबूं नये. जाहिरातीची गंमत जुनीच आहे. २१ ऑक्टोबर १९२७ रोजीं मर्सिडिस ग्लाइट्झ ही इंग्रज तरुणी इंग्लिश खाडी पोहून जाण्यास उतरली तेव्हां तिच्या गळ्यांत रोलेक्सचें घड्याळ होतें. थंडीनें ती गारठली, आणि दहा तासांनंतर तिला पाण्याबाहेर काढावें लागलें. घड्याळ मात्र चालू होतें. कंपनीनें वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर त्याचा गाजावाजा केला. खाडी त्या वेळीं पार झाली नव्हती हें ती जाहिरात वाचून कितीकांच्या लक्षांत आलें असेल? तरी परीक्षा खरी होती, कारण दहा तास थंड समुद्रांत घड्याळ खरोखरच राहिलें होतें.

आतां अंतराकडे येऊं. आमच्या धांवपटूंचा सारा जीव त्यांतच असतो. घड्याळ अंतर मोजीत नाहीं. तेंहि वेळच मोजतें. पृथ्वीपासून सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवर जी. पी. एस्. चे कृत्रिम उपग्रह फिरतात, व त्यांतील अणुघड्याळें क्षणाक्षणाला आपली वेळ खालीं कळवितात. संदेश किती उशिरानें पोंचला यावरून उपग्रह किती दूर आहे हें कळतें. प्रकाशाचा वेग एवढा प्रचंड कीं एका सेकंदाच्या दहा लक्षाव्या भागाची चूक म्हणजे तीनशें मीटरांची चूक. मनगटावरील स्फटिक इतका अचूक कसा असेल? म्हणून जागा ठरविण्यास तीन नव्हे, निदान चार उपग्रह लागतात. चौथा तुमच्याच घड्याळाची चूक शोधून काढण्यासाठीं. उपग्रहावरील घड्याळ बिघडलें तर सारेंच आटोपतें. आपल्या देशाच्या नाविक व्यवस्थेचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजीं उडाला. त्यावरील तीन परदेशी अणुघड्याळें पुढें एकामागून एक बंद पडलीं, आणि एरव्हीं ठीक असलेला तो उपग्रह दिशादर्शनाच्या कामाचा राहिला नाहीं. २९ मे २०२३ रोजीं सोडलेल्या एन्. व्ही. एस्.-०१ वर स्वदेशांत घडविलेलें रुबिडियमचें अणुघड्याळ बसविलें गेलें तें याच अनुभवानंतर. आकाशांतील घड्याळाचीहि जर ही कथा, तर मनगटावरील आंकडा निमूटपणें मानूं नये.

उघड्या माळावर चांगलें घड्याळ कांहीं मीटरांच्या आंत जागा सांगतें. सरळ सडकेवर चार-पांच किलोमीटर धांवलांत तर चूक नगण्य ठरते. परंतु गोल मैदानावर खोड उघडी पडते. कांहीं घड्याळें बॅटरी वांचविण्यासाठीं दर सेकंदाला नव्हे, तर मधून मधून जागा टिपतात, व दोन टिपणांमधील वळण सरळ रेषेनें कापतात. अंतर कमी भरतें. उलट, झाडाखालीं वा भिंतीजवळ टिपणें इकडे तिकडे उडतात, ती वेडीवांकडी रेषा लांबते, व अंतर जास्त भरतें. स्वस्त स्मार्टवॉचमध्यें तर पुष्कळदां स्वतःचें जी. पी. एस्. नसतेंच, तें खिशांतल्या फोनचें उसनें घेतें किंवा हाताचे झोके मोजून पावलांच्या लांबीनें गुणतें. खोक्यावर काय छापलें आहे यापेक्षां फोन घरीं ठेवून धांवल्यावर काय दिसतें हें पाहावें.

ताडून पाहण्याची रीत सोपी आहे. पोलादी टेप घ्या, मैदानावर ४०० मीटरांची फेरी फक्कीनें आंखा, आणि अगदीं आंतल्या पट्ट्यांतून चार फेऱ्या मारा. हें आंतलेपण महत्त्वाचें आहे: पट्टा १.२२ मीटर रुंद धरला तर प्रत्येक बाहेरच्या पट्ट्यागणिक फेरीला सुमारें साडेसात मीटरांची भर पडते, आणि तिसऱ्या पट्ट्यांतून चार फेऱ्या मारणारा साठ मीटर फुकट धांवतो. चार दिवस ही चाचणी घ्या. घड्याळ रोज तीस मीटर जास्त दाखवीत असेल तर एक वेळ चालेल, कारण ती खोड ठाऊक झाली. पण एके दिवशीं तीस जास्त व दुसऱ्या दिवशीं चाळीस कमी, असें घड्याळ दुकानदाराला परत करावें. भरतीच्या सरावाला तर आंखलेली फेरी व साधें थांबतें घड्याळ एवढेंच पुरतें, असें माझें मत आहे. पंधरा हजार रुपये ज्याच्यापाशीं नाहींत त्याचें येथें कांहींच अडत नाहीं.

उंचीची गोष्ट मला सर्वांत मनोरंजक वाटते. चांगल्या मैदानी घड्याळांत एक लहानसा वायुभारमापक असतो. वर जावें तसा हवेचा दाब उतरतो. आपल्या पठारावर दर नऊ-एक मीटरांस एक हेक्टोपास्कल, असा स्थूल हिशेब आहे. घड्याळ दाब मोजतें व त्यावरून उंची अनुमानतें. पण दाब उंचीशिवाय इतर कारणांनींहि बदलतो, आणि उष्ण कटिबंधांत तो रोज नेमानें बदलतो. सकाळीं व रात्रीं दहाच्या सुमारास तो चढलेला असतो. पहांटे व दुपारीं चारच्या सुमारास उतरलेला. सकाळच्या दहापासून दुपारच्या चारपर्यंत तो तीन-एक हेक्टोपास्कल खालीं येतो. घड्याळ वर्गांतील टेबलावर ठेवून हा प्रयोग अवश्य करा. टेबल जागचें हाललेलें नसतां तें दुपारपर्यंत पंचवीस-तीस मीटर वर चढल्याचें दिसेल! घड्याळ बिघडलेलें नसतें. तें दाब खराच सांगत असतें, अर्थ मात्र चुकीचा लावतें. थंड देशांत दाबाची अशी घसरण वादळाची सूचना मानतात; आपल्याकडे ती रोजची दुपार आहे. वादळाचा इशारा देणारें घड्याळ विकत घेणाऱ्यानें हें लक्षांत ठेवावें.

म्हणून उंची ज्ञात असलेल्या ठिकाणीं घड्याळाचा आंकडा लावून घ्यावा लागतो. वैरागला रेल्वे नाहीं. पण बार्शी, कुर्डुवाडी किंवा सोलापूर येथें गेलांत कीं स्थानकाच्या पिवळ्या फलकाच्या तळाशीं समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली आढळेल. तीच तुमची कसोटी. गडावर जातांना पायथ्याच्या गांवीं नकाशावरून उंची लावावी आणि माथ्यावर पुन्हां ताडावी. कळसूबाईचें शिखर १,६४६ मीटर आहे. तेथें घड्याळानें १,६७० म्हटलें तर घाबरूं नये, १,८०० म्हटलें तर विश्वास ठेवूं नये. धुकें उतरल्यावर, वाट कोणत्या टेपावरून फुटते हें उंचीवरून ठरविणाऱ्याला शंभर-दीडशें मीटरांची चूक भलत्याच घळींत नेऊन सोडूं शकते. ज्याचें भटकणें परंड्याच्या भुईकोटापुरतें किंवा शेताच्या बांधापुरतें आहे त्यानें मात्र या यंत्रासाठीं पैसा कां घालावा हें मला समजत नाहीं.

दिशेसाठीं घड्याळांत चुंबकीय होकायंत्र असतें. महाराष्ट्रांत चुंबकीय उत्तर व खरी उत्तर यांत फरक अगदीं थोडा, एका अंशाच्या आंतबाहेर, असल्यामुळें तेवढी चिंता नाहीं. चिंता आहे ती आपल्या काळ्या खडकाची. दख्खनच्या कातळांत लोहचुंबकीय खनिज असतें, व वीज पडलेल्या कड्यांवर तें अधिकच जोर धरतें. म्हणून खडकावर हात टेकून दिशा पाहूं नये. उभें राहून, चाकू, फोन व काठीचें लोखंड दूर ठेवून पाहावी, आणि चार पावलें सरकून पुन्हां पाहावी. होकायंत्र नवीन जागीं गेल्यावर आठाच्या आंकड्यासारखें फिरवून जुळवून घ्यावें लागतें, हेंहि पुष्कळांना ठाऊक नसतें.

काट्यांच्या घड्याळानें दिशा काढण्याची एक युक्ति पाश्चात्त्य पुस्तकांतून आपल्याकडे आली आहे. तास-काटा सूर्याकडे धरावा. तो व बाराचा आंकडा यांच्यामधील अर्धी दिशा ती दक्षिण. ही युक्ति वैरागच्या मुलानें जशीच्या तशी घेऊं नये. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची. वैराग त्याच्या पश्चिमेस पावणेसात अंशांच्या आसपास. त्यामुळें आपला खरा मध्यान्ह सरासरीनें १२ वाजून २७ मिनिटांनीं होतो. नोव्हेंबरच्या आरंभीं तो १२-११ च्या सुमारास, तर फेब्रुवारीच्या मध्यास १२-४१ च्या सुमारास येतो. म्हणून बाराऐवजीं बारा व एक यांच्या मधला बिंदु धरावा. तरीहि ही युक्ति हिवाळ्यांतच बरी चालते. मार्चमध्यें सकाळीं साडेनऊच्या सुमारास ती पंचवीस अंशांहून अधिक फसवते. आणि मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हींचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो, तेव्हां ती साफ उलटी पडते. परदेशांत जें शहाणपण तें येथें कां चालत नाहीं याचें याहून सोपें उदाहरण भूगोलाच्या तासाला मिळणार नाहीं.

नाडीविषयीं थोडें. १९८२ मध्यें फिनलंडच्या पोलर कंपनीनें छातीच्या पट्ट्यावरून मनगटाकडे बिनतारी ठोके पाठविणारें यंत्र आणलें. तें हृदयाची विद्युत् मोजतें. हल्लींचें घड्याळ कातडीखालीं हिरवा प्रकाश टाकून रक्ताची भरती-ओहोटी पाहतें. पट्टा सैल असला, मनगट गोंदलेलें असलें, हात जोरानें हालत असला, तर तें ठोक्याऐवजीं पावलेंच मोजीत बसतें. धांवून थांबतांच मानेवर दोन बोटें ठेवून पंधरा सेकंदांचे ठोके मोजा व चारानें गुणा. पांच-सहा ठोक्यांचा फरक क्षम्य आहे. झोपेच्या आंकड्यांविषयीं मी कांहीं लिहीत नाहीं. आपण झोपलों होतों कीं नाहीं हें ज्याला मनगटाला विचारावें लागतें त्याला घड्याळाहून वैद्याची गरज अधिक.

आपल्या उन्हाचा विचार खरेदींत कोणी करीत नाहीं. सोलापूर जिल्ह्यांत मे महिन्यांत पारा चाळीस अंशांपुढें जातो. उन्हांत तापलेल्या काळ्या घड्याळाचें तपमान त्याहून पुष्कळ वर जातें, आणि अशा तापण्यानें लिथियमच्या बॅटरीचें आयुष्य घटतें. मोटारसायकलीच्या टाकीवर वा टपाच्या पत्र्यावर घड्याळ ठेवूं नये. दुकानांतील दिव्याखालीं झगझगणारा रंगीत पडदा भर उन्हांत कसा दिसतो हें दाराबाहेर नेऊन पाहावें; कांहीं पडदे बाहेरच्या प्रकाशानेंच उजळतात, ते दिसण्यांत फिके पण दुपारीं स्पष्ट, व बॅटरीहि कमी खातात. हवेचें तपमान पाहावयाचें तर घड्याळ मनगटावरून काढून सावलींत पंधरा-वीस मिनिटें ठेवावें, नाहीं तर तें आपल्याच अंगाची ऊब सांगेल. 'चौदा दिवस बॅटरी' हें वाक्यहि नीट वाचावें. तें जी. पी. एस्. बंद असतांनाचें असतें. तें चालू ठेवलें कीं दिवसांचे तास होतात. दोन दिवसांच्या गडफेरीला निघणाऱ्यानें तासांचाच आंकडा विचारावा.

बाजारांत हुबेहूब नक्कल केलेल्या घड्याळांचा सुळसुळाट आहे. त्यांच्या तबकडीवर चार लहान गोल व त्यांत काटे असतात, पण ते काटे नुसते छापलेले; कळ दाबली तरी कांहीं हालत नाहीं. म्हणून दुकानांतच प्रत्येक कळ दाबून तिचें काम पाहावें. शिक्क्याचें बिल घ्यावें, त्यावर घड्याळाचा क्रमांक लिहून मागावा, व दुरुस्तीचें केंद्र सोलापुरांत आहे कीं पुण्याला पाठवावें लागेल हें आधींच विचारावें. पट्टा नेहमींच्या मापाचा असला तर तुटल्यावर बार्शींत दुसरा मिळतो. कंपनीच्या खास खांचेचा असला तर त्या एका पट्ट्यापायीं घड्याळ पेटींत पडून राहतें. धांवून आल्यावर घामाचें मीठ पट्ट्याखालीं सांचतें. तें रोज गोड्या पाण्यानें धुवून, कोरड्या फडक्यानें पुसून, मगच चार्जिंगला लावावें.